रशिया मोडल्याची कच्ची बातमी

ताडकळसचा बाजार करून येणारी माणसं आमच्या फाट्यावर एसटीतून उतरली की आधी पिशव्या हॉटेलच्या बाकाखाली सरकवत आणि मग अमेरिकेला शिव्या द्यायला बसत. भाजी घरी पोचायला संध्याकाळ व्हायची. घरोघरच्या बायका त्या हॉटेलच्या नावानं बोटं मोडायच्या आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकं, एक भट्टी आणि दाराशी अर्धा जमिनीत पुरलेला पाण्याचा रांजण. समोर लिंबाचं झाड, रस्त्यापलीकडे सरकारी हापसा. तिथं जगाचा निकाल लागायचा. इराकनं कुवेत गिळलं ते बरोबर की चूक, जपानात खरंच माणसाऐवजी यंत्रं कामाला येतात का, परभणीच्या बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणजे नेमकं काय येणार आणि त्याला आपली जमीन किती ते आधीच ठाऊक असणार का, असं सगळं. आपल्याला कुणीतरी फसवतंय, एवढं मात्र सगळ्यांना मान्य होतं. कोण फसवतंय, यावरच काय तो वाद.

या वादाला एक कायदा होता आणि तो आमच्या मास्तरांनी घालून दिला होता. मास्तर निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. नंतर सगळी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. आमच्या वस्तीतल्या पोरांना मागं बसवायची पद्धत त्यांनी मोडली आणि मला पुढच्या रांगेत, खिडकीजवळ बसवलं, हे मी आजही विसरलेलो नाही. वर्गात कुणी काहीही सांगितलं की मास्तर विचारायचे, "कुठून?" पुस्तकातून, बापाकडून, की मनातून? रिटायर झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न हॉटेलात आणला. बातमी सांगणाऱ्यानं आधी ती कुठून आली ते सांगायचं. मग इतरांनी तिची सालं काढायची. शेवटी मास्तर फैसला द्यायचे: पक्की, कच्ची, नाहीतर मुद्दत. मुद्दत म्हणजे पुढच्या बाजारापर्यंत थांबा, तोवर सबूत आणा.

ज्याची बातमी कच्ची ठरेल त्यानं पुढच्या बाजारापर्यंत रोज सकाळी हापशावरून घागरी आणून हॉटेलाचा रांजण भरायचा. ही शिक्षा. हॉटेलवाला मामा तर यावर खूश होता, त्याचं पाणी फुकटात भरलं जायचं. एखादा हप्ता सगळ्याच बातम्या पक्क्या निघाल्या तर त्याचा चेहरा उतरायचा.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक होतो. मातीचे नमुने चाळायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. दुपारच्या सुट्टीत डबा लवकर संपवून मी लायब्ररीत जायचो आणि इंग्रजी पेपर वाचायचो, घरी रेडिओवर परदेशी स्टेशनांच्या बातम्या लावायचो. त्यामुळं फाट्यावर माझं वजन होतं. मी एसटीतून उतरलो की बाकावरची माणसं सरकून जागा करायची. "या साहेब," मामा म्हणायचा, "जग काय म्हनायलंय?" पाणी हवं असलं तर मला उठू द्यायचा नाही. "तुमी बसा, मी देतो की," म्हणत रांजणात ओगराळं बुडवून स्वतः माझ्या ग्लासात पाणी ओतायचा. इतरांना तो कधी पाणी द्यायचा नाही, जो तो आपल्या हातानं घ्यायचा. मला वाटायचं, नोकरीचा मान आहे. मास्तर शाळेत मला 'तू' म्हणायचे, तेही नोकरी लागल्यापासून 'तुमी' म्हणायला लागले होते. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो. नामांतराच्या दंगली झाल्या त्या वर्षी मी मॅट्रिकला होतो आणि आमची आई आम्हा भावंडांना घेऊन परभणीला मावशीकडे जाऊन राहिली होती. औरंगाबादच्या विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही, हा प्रश्न मी नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, पोरगी शाळेत जायला लागली तरी तसाच लटकलेला होता. फाट्यावर जगातला कुठलाही विषय निघायचा, फक्त तो निघायचा नाही. कुवेत चालायचं, औरंगाबाद चालायचं नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, इतकंच.

माझ्या बरोबरीचा वाद घालणारा एकच गडी होता. त्याला आम्ही बागायतदार म्हणायचो. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस, दाराशी फटफटी आणि गावातला पहिला रंगीत टीव्ही. त्याचा सगळा भरवसा टीव्हीवर. कुवेतवरून युद्ध सुरू झालं तेव्हा तो रोज येऊन सांगायचा, "आमी डोळ्यानं बघितलं, क्षेपणास्त्राला दुसरं क्षेपणास्त्र हवेतच गाठायलंय."

बाजाराच्या दिवशी एक म्हातारा मेंढरंवाला यायचा. मेंढरं दूर माळावर पोराकडे सोडून, खांद्यावर घोंगडं टाकून तो बाकाच्या टोकाला उकिडवा बसायचा. त्याचा कशावरच विश्वास नव्हता.

"दगडाला दगड लागत न्हाई हवेत," तो म्हणाला, "मी जलमभर गोफण फिरवायलोय."

"बाबा, त्यात कॉम्प्युटर असतोय."

"गोफणीत डोकं असतंय. तरी लागत न्हाई."

"अवो, टीव्हीत दाखवायलेत ना!"

"टीव्हीत हनुमान बी उडायलाय," म्हातारा म्हणाला. "तो कुठं उतरला?"

हसून हसून मामाच्या हातातली गाळणी पडली. मास्तरांनी त्या बातमीला मुद्दत दिली. आता इतक्या वर्षांनी वाचतो की त्या यंत्राचा तेव्हा जेवढा गाजावाजा झाला तेवढं काही ते लागत नव्हतं. म्हाताऱ्याची शंका अगदीच वाया गेली नाही म्हणायची. पण म्हातारा फार शहाणा होता असं कुणी समजू नये. चंद्रावर माणूस गेला हेही त्याला मान्य नव्हतं, आणि पृथ्वी फिरते हे त्यानं मास्तरांचा मान ठेवायचा म्हणून मान्य केलं होतं.

बागायतदार मात्र सापडला. रशिया या लढाईत इराकच्या बाजूनं उतरणार, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. कुठून? तर नांदेडच्या मेहुण्याकडून. रशिया काही उतरला नाही. मास्तरांनी बातमी कच्ची ठरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एवढा मोठा बागायतदार खांद्यावर घागर घेऊन हापशावर उभा. मी नेमका परभणीच्या गाडीसाठी उभा होतो. एसटीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून विचारत होती, "काय मालक, रशियाला तहान लागली का?" त्याचे कान लाल झाले होते, पण तो हसत होता. रांजणाशी पोचल्यावर कुणी म्हणालं, तळ धुवून काढ. कुणी म्हणालं, वरून गाळून ओत. बाजारापर्यंत रोज हेच चाललं. त्या दिवसांत त्याच्याशी जेवढं लोक बोलले, जेवढी त्याची टिंगल केली, पाठीवर जेवढ्या थापा मारल्या, तेवढं माझ्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. हे मला तेव्हा जाणवलं. का जाणवलं त्याचा मी विचार केला नाही.

आता माझ्या बातमीचं सांगतो. युद्धाच्या आधी इराकला माघारीची मुदत दिलेली होती. मी पेपरात वाचलेल्या एका लेखावर विसंबून सांगितलं होतं की इराक मुदतीआधी माघार घेणार, लढाई होणार नाही. छापील लेख, इंग्रजी, कात्रण खिशात. बागायतदारानं तेव्हाच पैज मारल्यासारखं म्हटलं होतं, "साहेब, तुमी चुकायलाव." पुढं लढाई झाली ती सगळ्या जगानं पाहिली. फैसला मात्र लढाई संपेपर्यंत लांबला. त्या बाजारच्या दिवशी मी मनाची तयारी करूनच फाट्यावर उतरलो. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटत होती. सकाळच्या गाडीच्या आधी घागरी कशा जमवायच्या, याचा हिशेबही केला होता.

मास्तरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "साहेबानं ज्या दिवशी बातमी आणली त्या दिवशी ती तशी छापून आलेली व्हती. म्हंजे त्या दिवशी खरी व्हती. नंतर लढाई झाली, ती दुसरी बातमी. पक्की."

"ह्ये कसं मास्तर?" बागायतदार उसळला. "मग माझी बी त्या दिवशी खरीच व्हती की!"

"तुझी मेहुण्याकडून आली व्हती," मास्तर म्हणाले. सगळे हसले आणि विषय बदलला. मामानं मला न मागता पाणी दिलं.

घरी येऊन मी हे बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिचं माहेर पेडगावचं. बोलायला फटकळ आणि संशयात माझ्याही चार पावलं पुढं. ती ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"लढाई होनार न्हाई म्हनलाव आन् लढाई झाली. मग पक्की कशी?"

मी मास्तरांचं म्हणणं समजावून सांगितलं.

"आन् त्या मालकाला का भरायला लावलं?"

मी तेही समजावलं. ती माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू काही मला आवडलं नाही.

"अवो, इतके पेपर वाचताव, येवढं कळंना का? तुमी रांजण भरला तर ते पानी पिनार कोन?"

मला तिचा भयंकर राग आला. मी म्हणालो, तुला सगळीकडे तेच दिसतं. मास्तर तसे नाहीत, त्यांनी मला पुढं बसवलं होतं. चहा तर मी सगळ्यांच्याच कपबशीतून पितो, कुठल्या जमान्यात वावरतेस? ती म्हणाली, "चहा मामा करतोय." आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली.

संशय एकदा घरात शिरला की जेवायलाही तुमच्या शेजारी बसतो. मी मागच्या सगळ्या बातम्या आठवायला लागलो. माझ्या काही चुकल्या होत्या, ठार चुकल्या होत्या. जर्मनीतली भिंत पडायला अजून पिढी जाईल, असं मी म्हणालो होतो आणि ती मी म्हणालो त्याच थंडीत पडली होती. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "भिंत पडली, पन मनातली कुठं पडली?" आणि पक्की. केवढं खोल बोलले म्हणून मी घरी येऊन ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं होतं! ज्या बातम्यांना काहीच करता येत नव्हतं त्यांना मुद्दत होती आणि ती मुद्दत कधी संपलीच नव्हती. आणि त्या ओगराळ्याला मी आजवर हात लावलेला नव्हता. लावायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. इतकी वर्षं जिंकत आलो म्हणून मी कॉलर ताठ करून फिरत होतो, आणि मला हरायची परवानगीच नव्हती.

हल्ली मी मोबाईलवर एका भल्यामोठ्या ग्रुपात जगाच्या राजकारणावर वाद घालतो. कुठल्या कुठल्या गावची माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. कोणता देश कोणाला चिप विकत नाही, कोण कोणावर ड्रोन सोडतो, यावर सकाळपासून जुंपते. तिथं मी आडनाव लावलेलं नाही. लोक मला बेधडक मूर्ख म्हणतात, अडाणी म्हणतात, काका, तुम्ही भजन करा म्हणतात. पोरीला माझ्या अपमानाचं वाईट वाटतं. मला मात्र त्यात एक सुख आहे, ते तिला कसं सांगावं कळत नाही.

तर त्या वेळी मी मास्तरांची पारख करायची ठरवली. पुढच्या बाजारच्या दिवशी निव्वळ थाप मारली. म्हणालो, जपानात पेट्रोलऐवजी नुसत्या पाण्यावर उडणारं विमान तयार झालंय. बागायतदार माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मेंढरंवाला म्हणाला, "मग ढगात गेलं की तिथंच टाकी भरून घेत आसंल." सगळे हसले. मी मास्तरांकडे बघत होतो. हा माणूस शाळेत गृहपाठातली चोरी वास घेऊन ओळखायचा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "विज्ञानाचं काय सांगावं. मुद्दत."

त्या दिवशी मला कळलं की बायकोचं खरं आहे. कळलं, पण एवढ्यानं माझं भागेना. मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

पाडवा होऊन गेला होता. उन्हं तापायला लागली होती. बाजाराचा दिवस, बाकं भरलेली. मी चहा संपवला आणि उभा राहून म्हणालो, "रशिया मोडला. रशिया नावाचा देश आता नाही. तुकडे झाले, जो तो प्रांत वेगळा झाला."

मग बागायतदारानं मामाकडचा त्या दिवशीचा पेपर ओढला आणि पानं उलटीपालटी केली. "कुठं हाय? ह्यात तर रशियाचा पंतप्रधान कुनाला तरी भेटायलाय."

"कुठून आनली बातमी?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"मनातून," मी म्हणालो. "मास्तर, कुठल्या पेपरात नाही, रेडिओवर नाही. मी आत्ता इथं बसून रचली. थाप आहे. आता फैसला द्या."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "रशियात गडबड तर चालू हाय. मुद्दत..."

"मुद्दत नको. बातमी देणाराच खोटी म्हणतोय, अजून सबूत काय पाहिजे?"

माझा आवाज चढला होता. मामा भट्टीतली राख उकरायला लागला. तेव्हा बागायतदार बोलला. माझ्या बाजूनं नव्हे, त्याला त्याचा स्वतःचा रांजण आठवला होता. "मला रशियावरनंच भरायला लावलं व्हतं मास्तर. ह्यांना का न्हाई? साहेब हायेत म्हनून? म्हना की कच्ची!"

मला वाटतं तो जे बोलला त्याचा पुढचा अर्थ त्याच्या ध्यानात आला नव्हता. इतरांच्या आला होता. ते सगळे खाली बघत होते. मास्तरांना आता वाट उरली नाही. ते म्हणाले, "कच्ची." इतक्या बारीक आवाजात त्यांनी कधी फैसला दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बायकोनं घरातली तांब्याची घागर चिंचेनं घासून लख्ख करून दिली. मी फाट्यावर पोचलो तर मामा आधीच रांजणाजवळ उभा.

"साहेब, ऱ्हाऊ द्या. रांजनाला तडा गेलाय. ठिबकायलाय."

मी खाली बसून रांजणाला सगळीकडून हात फिरवला. तडा कुठं दिसेना. भोवतालची माती कोरडी ठणठणीत होती. मी म्हणालो, "भरून बघू. ठिबकला तर ठिबकला." हापशावर कुणी हरकत घेतली नाही. हापसा सरकारी होता, तिथं आमच्या बायकाही पाणी भरायच्या. घागरी ओतून रांजण गळ्यापर्यंत भरला. थेंबभर पाणी बाहेर आलं नाही. वरून मी झाकण ठेवलं, त्यावर ओगराळं ठेवलं आणि बाकावर जाऊन बसलो.

असा दिवस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. ऊन मी म्हणत होतं. माणसं आली, चहा प्याली, भजी खाल्ली. मामाच्या भज्यांबरोबर तळलेली हिरवी मिरची असायची. डोळ्यांत पाणी आलेली माणसं उठायची, रांजणाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि रस्ता ओलांडून हापशावर जायची. एक हात दांड्यावर आणि दुसऱ्या हाताची ओंजळ, असं एकट्यानं पाणी पिणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. दांडा सोडून ओंजळ लावेपर्यंत धार संपायची. शेवटी दोघं दोघं मिळून जायला लागले, एक हापसायचा आणि एक प्यायचा. मला हसू येत होतं आणि रडूही. बागायतदार आला, भजी खाल्ली, ठसका लागला. तो सरळ रांजणाकडे चालला होता. दोन पावलं अलीकडे त्याला काहीतरी आठवलं. तो फटफटीला किक मारून तसाच निघून गेला, ठसकत.

मेंढरंवाला दुपारी आला. आज बाजार नव्हता, मेंढरं पाणी पाजायला ओढ्याकडे नेत होता. त्यानं ओगराळं उचललं, उभ्यानंच दोनदा घटाघट पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "गार हाय." मग गेला. आदल्या दिवशी बाकाच्या टोकाला तो बसलेला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. ऐकून प्याला की ध्यानात नव्हतं म्हणून प्याला, हे मी पुढं त्याला कधी विचारलं नाही. कुठलं उत्तर येईल त्याची खात्री नव्हती.

मास्तर चार वाजता आले. माझ्या शेजारी बसले. चालून आल्यामुळं धापा टाकत होते, ओठ सुकले होते. मी उठलो. ओगराळं बुडवलं, ग्लास भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी ग्लासाकडे बघितलं. हात पुढं आला, अगदी निम्म्या वाटेपर्यंत आला. मग तो त्यांनी छातीवर ठेवला.

"खोकला झालाय," ते म्हणाले. "गार पानी बंद केलंय."

ते खोकलेसुद्धा. माझ्यासाठी खोटं खोकले. मी ग्लास खाली ठेवला. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण त्याच्या आधी त्यांची लाज वाटली, आपल्या बापाची चारचौघांत वाटते तशी. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला पुढच्या रांगेत बसवणारा माणूस तो, आणि आता मी त्याला तोंडावर खोटं बोलायला लावत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर रांजण नव्हता. जिथं तो पुरलेला होता तिथं मुरूम टाकून चोपून जागा सारखी केली होती. शेजारी तोटी असलेली पत्र्याची टाकी. मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "जग पुढं गेलंय साहेब. आता ते भराभरीचं न्हाई ठेवलं." कुणी सांगितलं, कुणी उपटला, कुणाच्या बैलगाडीतून नेला, हे मला कधी कळलं नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयानं बघत राहिलो आणि प्रत्येकजण तितक्याच मोकळेपणानं मला राम राम करत राहिला. बातम्या चालू राहिल्या. पक्की-कच्ची चालू राहिलं. शिक्षा मात्र सगळ्यांचीच गेली.

मी जायचं सोडलं नाही. सोडलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. मी रोज उतरायचो, बसायचो, कमी बोलायचो. पावसाळ्यात रशियात सैन्यानं गडबड केल्याची बातमी आली. मास्तर त्या दिवशी उगाचच उल्हासात होते. सारखं माझ्याकडे बघत होते. पुढं तिथला एकेक प्रांत वेगळा व्हायला लागला तसे ते रोज सकाळी सगळ्यांच्या आधी फाट्यावर येऊन पेपरची वाट बघायला लागले.

थंडीत एके दिवशी मी परभणीहून आलो तर हॉटेलासमोर माणसं उभी. मास्तर पुढं, हातात पेपर. मी एसटीच्या पायरीवरून उतरायच्या आत त्यांनी माझा हात धरला.

"मोडला!" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "रशिया मोडला साहेब. तुमी म्हनलाव तस्सा. आमीच तुमच्यावर अन्याव केला. मी माझा फैसला मागं घेतो. पक्की!"

बाकावर टाळ्या वाजल्या. बागायतदारानं माझ्या पाठीवर थाप मारली, पहिल्यांदाच. मामा चहा घेऊन धावत आला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू त्यांच्याच घरातलं दुखणं बरं झालं होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "मी थाप मारली होती. मला काही माहीत नव्हतं. मी चुकलो होतो."

"छ्या! तुमी कुठं चुकताव!" मास्तर हसत म्हणाले आणि लोकांकडे वळले. "कदीच न्हाई."